वांगं थंड?? चिनी वैद्यकाचं उष्ण-थंड आणि आपलं खानदेश

मागच्या महिन्यात याच पानावर मी बोलता बोलता एक ओळ लिहून गेले की चिनी वैद्यकात पण आपल्यासारखंच उष्ण-थंड बघतात, आणि मग काय, पत्रं आणि मेसेज यांचा नुसता पाऊस (खरा पडला असता तर बरं झालं असतं, गच्चीवरची टाकी दुपारी दोनला चहा टाकण्याइतकी तापतेय). सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून निवडक घेतलीयेत. आधीच सांगते, मी साधी फॅमिली डॉक्टर आहे, चिनी वैद्य नाही, पण या विषयाचं वेड जुनं आहे आणि वाचन बऱ्यापैकी आहे. नावं छापलेली नाहीत, फक्त गावं दिलीयेत.

डॉक्टर ताई, आम्ही भुसावळचे, मिस्टर रेल्वेत. मुलगा पुण्याला कंपनीत आहे, त्याच्या ऑफिसात एक चिनी इंजिनीअर आलेत ते म्हणे मे महिन्यात पण गरम पाणीच पितात, फ्रिजच्या पाण्याला हात लावत नाहीत. आता आमचं पोरगं सुट्टीत आलं तर तेही थर्मास घेऊन फिरतंय! इथं पारा 46 वर आणि हा गरम पाणी पितोय, सासूबाईंनी तर डोक्याला हात लावला. यात काही तथ्य आहे का की नुसतं खूळ?

ताई, खूळ नाही, पण भुसावळच्या मे महिन्यात ते जसंच्या तसं उचलावं असंही नाही. नीट सांगते.

चिनी वैद्यकात पोट म्हणजे चुलीवरचं पातेलं. खाल्लेलं त्यात आधी शिजतं आणि मग अंगी लागतं, आणि त्या चुलीवर गार पाणी ओतलं की जाळ मंदावतो, मग गॅसेस, जडपणा, पातळ शौचाला होणं वगैरे. आपल्याकडचा जठराग्नी आठवला ना? कल्पना अगदी सख्खी नाही पण चुलत बहीण नक्की आहे. दोन्हीकडच्या वैद्यांनी चूलच बघितली होती, मायक्रोस्कोप नाही, त्यामुळे उपमा सारखी निघाली यात मला तरी नवल वाटत नाही.

पण चिनी माणूस इतकं गरम पाणी पितो त्याला नुसतं वैद्यक कारण नाही. पाणी उकळून प्या असा प्रचार तिथं 1934 च्या नवजीवन चळवळीत झाला, पुढे 1952 पासूनच्या देशभक्तीपर आरोग्य मोहिमेत तर गावोगाव झाला, कारण कॉलरा-जुलाबाची भीती होती आणि उकळलेलं पाणी हा सगळ्यात स्वस्त उपाय होता. मग घरोघरी थर्मास आले, आणि मिस्टरांना सांगा, तिकडच्या रेल्वेच्या डब्यात उकळत्या पाण्याचा नळच असतो, लोक त्यात नूडल्स भिजवतात आणि चहाची पानं टाकून दिवसभर पितात. म्हणजे जुनी समजूत आणि सरकारी मोहीम एकाच दिशेला गेल्या आणि सवय पक्की झाली.

आता शरीर गार होण्याचा प्रश्न. तुमच्या घरी माठ असेलच. माठातलं पाणी गार का होतं? तर माठ पाझरतो, बाहेरचं पाणी वाऱ्यावर उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. आपलं अंग म्हणजे एक माठच, घाम पाझरतो आणि वाळताना गारवा देतो. 2012 मध्ये कॅनडातल्या ओटावा विद्यापीठाच्या संशोधकांनी सायकल चालवणाऱ्या लोकांना कधी 50 डिग्रीचं गरम पाणी दिलं, कधी बर्फासारखं गार, आणि मोजलं तर गरम पाण्यानं घाम इतका जास्त सुटला की शेवटी शरीरात साठलेली उष्णता कमीच भरली. पण अट एकच, घाम अंगावरून उडून गेला पाहिजे. एप्रिल-मे मधे खानदेशची हवा कोरडीठाक असते, कपडे दोरीवर टाकले की पाच मिनिटात वाळतात, तिथं हे जमू शकतं. जुलैमधे तोच प्रयोग कराल तर नुसतंच चिंब व्हाल, माठ पण तेव्हा पाणी गार करत नाही आणि कूलर पण नुसता चिकचिकाट करतो, बघा आठवून.

दुसरी गोष्ट, घाम जास्त म्हणजे पाणी-मीठ पण जास्त गेलं. उन्हात राबणाऱ्या माणसाला कपभर गरम पाण्याचं कौतुक सांगू नका, त्याला भरपूर प्यायला द्या, माठाचं द्या, ताक द्या, पन्हं द्या, आणि गळून गेला असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. पोराला थर्मास घेऊन फिरू द्या, फक्त दिवसभरात पितो किती ते बघा, कारण गरम पाणी माणूस घोट-घोट पितो आणि एकूण कमीच पडतं, माझ्या दवाखान्यात याच कारणानं उन्हाळी लागलेली दोन पोरं आली होती या महिन्यात.

मी रावेरचा, केळीवाला माणूस. लहानपणापासून ऐकतो की केळं थंड, सर्दीत खाऊ नको, रात्री खाऊ नको. चिनी लोक केळं काय समजतात? आणि सगळ्या फळ-भाज्यांची उष्ण-थंड यादी दिली तर फार बरं होईल, फ्रिजवर चिकटवतो.

भाऊ, केळ्याच्या बाबतीत दोन्ही घरं एकमत आहेत. चिनी हिशोबात केळं थंड आणि गोड, आतड्याला ओलावा देणारं, म्हणून कोठा कडक असणाऱ्याला चांगलं आणि कफ-सर्दीवाल्यानं जपून. आपल्या जळगावच्या केळीला 2016 मध्ये जीआय (म्हणजे ही वस्तू याच भागाची, असा सरकारी शिक्का) मिळाला, त्यात मात्र थंड-उष्ण लिहिलेलं नाही हो.

पण यादी मी देणार नाही, आणि का नाही ते सांगते, कारण खरी गंमत तिथंच आहे. त्याच 2016 मध्ये आपल्या भरिताच्या वांग्याला पण जीआय मिळाला. आता आपल्या घरात वांगं म्हणजे उष्ण, खाज सुटेल, मूळव्याधीवाल्यानं हात लावू नये, हो ना? चिनी ग्रंथात वांगं चक्क थंडाव्याचं! गोड आणि शीतल असं लिहितात, पोट नाजूक आणि थंड असेल तर बेतानं खा म्हणतात. म्हणजे आपली आज्जी म्हणते उष्ण म्हणून खाऊ नको आणि चिनी आज्जी म्हणते थंड म्हणून खाऊ नको, आणि वांगं बिचारं दोन्हीकडे बदनाम. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी एकटीच हसत बसले होते.

मग खरं कोण? इथं चिनी वैद्यकाची रीत समजून घ्या. तिथं पदार्थाचे चार स्वभाव मानतात, थंड, शीतल, ऊबदार आणि उष्ण, आणि मधे एक समशीतोष्ण, ज्यात भात वगैरे येतो. पण हा स्वभाव थर्मामीटरनं मोजलेला नाही. खाल्ल्यावर माणसात काय झालं, तोंड आलं का, तहान लागली का, लघवी पिवळी झाली का, की उलट पोट ढिलं झालं, हातपाय गार पडले, यावरून शतकानुशतकं ठरवत गेले. ली शिचेन नावाच्या वैद्यानं 1578 मध्ये एक प्रचंड ग्रंथ पुरा केला, 1892 औषधी वस्तूंच्या नोंदी, आणि छापून बाहेर आला तो 1596 मध्ये, तोवर तो वारला होता. त्यात प्रत्येक वस्तूचा स्वभाव आणि चव लिहिलीये, आणि आधीच्या लोकांचं कुठं पटत नाही तेही लिहिलंय. म्हणजे त्यांच्यातच वाद आहेत, आणि ते लपवलेले नाहीत.

शिवाय स्वभाव चुलीवर बदलतो. ओलं आलं ऊबदार, तेच वाळून सुंठ झालं की उष्ण, हे तर आपल्याकडे पण तसंच. खेकडा त्यांच्या लेखी फार थंड, म्हणून तो आल्याशिवाय ताटात येत नाही. मग तुमचं वांगं काड्यांवर भाजलं, त्यात हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे आणि वरून तेलाची धार, असं भरीत कळण्याच्या भाकरीबरोबर हाणल्यावर ते शीतल कुठं राहिलं? चिनी वैद्याला आपल्या भरीत पार्टीला नेलं तर तो पण म्हणेल की बाबांनो हे काही थंड नाही. आणि भरीत आपण खातो कधी, तर थंडीत, शेतात, संध्याकाळी. आपल्या लोकांनी यादी न लिहिताच वेळ बरोबर निवडलीय.

काही जुळण्या मात्र मस्त आहेत. मूग त्यांच्याकडेही थंड, उन्हाळ्यात मुगाचं पातळ गोड सूप घरोघर करतात. बकऱ्या-मेंढ्याचं मटण उष्ण, हिवाळ्यात खायचं. टरबूज तर इतकं थंड की त्याला नैसर्गिक ‘पांढऱ्या वाघाचा काढा’ म्हणतात, मूळ पांढऱ्या वाघाचा काढा हा सणसणीत तापावरचा, जिप्समचा दगड घालून उकळलेला जुना काढा आहे. आणि लिचीबद्दल दक्षिण चीनमधल्या कँटनकडे म्हण आहे, एक लिची खा आणि तीन ठिकाणी आग लागेल!

तर फ्रिजवर यादी नको. चिकटवायचंच असेल तर एक वही लटकवा आणि काय खाल्लं की तुमचं स्वतःचं काय होतं ते महिनाभर लिहा.

हाय मॅम, मी जळगावला इंजिनीअरिंगला आहे, रूमवर राहतो. धाब्यावरची शेवभाजी आठवड्यात तीन-चार वेळा होते. तोंडात फोड, गालावर पिंपल. कोरियन-चायनीज सिरीयल मधे "शांगहुओ" झालं की कसला तरी हर्बल चहा पितात, तो इथं मिळेल का?

शांगहुओ म्हणजे शब्दशः आग वर चढणं. तोंड येणं, घसा, लाल डोळे, पिंपल, चिडचिड, हे सगळं त्यात. तो चहा म्हणजे लियांगछा, नावाचा अर्थ गार चहा पण पितात बरेचदा गरमच, दक्षिणेकडच्या ग्वांगडाँगचा, कडू झाडपाल्याचा, 2006 मध्ये चीननं त्याला राष्ट्रीय वारशाच्या यादीत घेतलं. डबाबंद मिळतो त्यात साखर भरपूर असते म्हणून मागवू नको. शेवंतीच्या सुक्या फुलांचा चहा कर हवा तर, नाहीतर आपलं धने-जिऱ्याचं पाणी आहेच.

आणि एक गंमत, तर्रीनं जी आग लागते ती खरी उष्णता नसते. जिभेवर एक उष्णता ओळखणारा सेन्सर आहे तो साधारण 43 डिग्रीच्या वर उघडतो, मिरचीतलं रसायन त्याच कुलपाला लागतं आणि मेंदूला वाटतं भाजलं. पुदिन्याचं उलट, तो गारव्याचं कुलूप उघडतो. हे शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना आर्डेम पाटापुटियन यांच्यासोबत 2021 चं नोबेल मिळालं. चिन्यांनी मिरचीला उष्ण आणि पुदिन्याला शीतल म्हटलं ते निदान जिभेपुरतं तरी तंतोतंत बसतं. तुझ्यासाठी मात्र सल्ला साधा आहे, शेवभाजी तीनची एकवर आण, झोप रात्री दोनची बारावर आण, आणि तोंडातला फोड तीन आठवड्यात गेला नाही तर येऊन दाखव.

मी धुळ्याला शिक्षिका, वय 48. वर्षभरापासून रात्री तळहात-तळपायांची आग होते, अचानक घाम फुटतो, छातीत गरम वाफ चढते, पाय चादरीबाहेर काढून झोपते. ताप बघितला तर नॉर्मल. सासूबाई गुलकंद देतात, काशाच्या वाटीनं तळपाय चोळून देतात, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. एका ठिकाणी वाचलं की हे यिन कमी झाल्यानं होतं. म्हणजे नेमकं काय?

ताई, तुमचं पत्र वाचून पहिली प्रतिक्रिया, तुमच्या सासूबाई फार गोड आहेत. सून 48 ची झाली तरी तिचे तळपाय चोळणारी सासू मी तरी कमी बघितलीय.

आता यिन. चिनी वैद्यकाला दोन प्रकारची उष्णता दिसते आणि माझ्या मते त्यांच्या सगळ्या विचारातला हा सगळ्यात कामाचा भाग आहे. पहिली, जाळच मोठा झालाय. माणूस लालबुंद, तहान-तहान, गार पाणी ढोसतोय, जीभ लाल आणि वर पिवळा थर. ही भरलेली उष्णता, इथं थंड पदार्थ देऊन जाळ कमी करायचा. दुसरी, जाळ तेवढाच आहे पण पातेल्यातलं पाणी आटलंय. मग तेवढ्याच जाळावर पातेलं करपायला लागतं. हे पाणी म्हणजे यिन, जाळ म्हणजे यांग. ही रिकामी उष्णता, ती दुपारनंतर आणि रात्री जास्त, तोंड कोरडं पण एकदम खूप पाणी पीववत नाही, झोपेत घाम, आणि दोन तळहात, दोन तळपाय आणि छाती अशा पाच जागी आग. त्यांनी तिला नावच पाच केंद्रांची उष्णता असं दिलंय. इथं जाळावर गार पाणी फेकून उपयोग नाही, पातेल्यात हळूहळू पाणी भरायचं. म्हणून ते नाशपाती शिजवून देतात, पांढऱ्या बुरशीचं (मशरूमचा भाऊच तो) गोड सूप देतात, तीळ देतात, आणि रात्रीचं जागरण बंद करायला सांगतात.

चाळिशीच्या शेवटाला बाईच्या अंगात जे होतं त्याचं हे वर्णन किती नेमकं आहे बघा. आम्ही त्याला मेनोपॉजचे हॉट फ्लॅशेस म्हणतो, इस्ट्रोजेन खाली गेलं की मेंदूतला थर्मोस्टॅट हळवा होतो, थोडंसं तापमान वाढलं तरी तो घाबरून घामाचे सगळे नळ उघडतो.

पण ताई, वर्णन जुळलं म्हणून तपासणी सोडू नका. तळपायाची आग ही डायबेटीसमधे होते, बी-12 कमी असेल तर होते, आणि घाम, धडधड थायरॉईडमधे होते, यिन म्हणून गप्प बसलात तर शुगर आतल्या आत नसा खाऊन जाईल. जेवणाआधीची आणि नंतरची शुगर, थायरॉईड, बी-12, हिमोग्लोबिन, एवढं करून घ्या आणि रिपोर्ट स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, हॉट फ्लॅशेसवर चांगली औषधं आहेत, सहन करत बसायची गरज नाही. मधल्या काळात संध्याकाळनंतरचा चहा बंद, जेवण लवकर, सुती चादर. गुलकंद शुगर नॉर्मल आली तरच. ज्येष्ठमध मात्र मनानं चालू करू नका, चिनी काढ्यांमधे तो जागोजागी असतो आणि आपल्याकडे पण लोक गोड म्हणून चघळतात, पण रोज घेतला तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. काशाची वाटी खुशाल चालू ठेवा, आणि कधीतरी सासूबाईंचे पण पाय चोळा.

ताई, मी यावल कडला म्हातारा मानूस. आमना घर ताप उना का घोंगडी पांघरीसन घाम काढतस. आते पोरं म्हनतस असं करो नको, ओल्या पट्ट्या ठेवा. खरं काय शे?

आजोबा, तुमचं पण बरोबर होतं आणि पोरांचं पण, ताप कोणता त्यावर आहे. याच एका प्रश्नावर चिनी वैद्य दीड हजार वर्षं भांडलेत म्हणून थोडं सांगते.

साधारण इसवी सन 200 च्या सुमारास चांग चोंगचिंग नावाचा वैद्य होता. त्याच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत तो लिहितो की माझ्या दोनशेच्या वर माणसांच्या कुळातले दहा वर्षांच्या आत दोन तृतीयांश गेले, आणि गेले त्यातले दहातले सात थंडीच्या आघाताच्या तापानं. त्यानं दालचिनीच्या काड्यांचा एक काढा सांगितला, तो घेतला की वरून गरम पातळ पेज प्यायची, पांघरूण घ्यायचं आणि अंगाला हलका ओलावा येईल इतकाच घाम काढायचा. पाण्यासारखा वाहू द्यायचा नाही असं त्यानं स्पष्ट बजावलंय! म्हणजे घोंगडी होती, पण घोंगडीला मोजमाप होतं.

नंतर दक्षिणेकडच्या वैद्यांच्या लक्षात आलं की आमच्याकडची हवा गरम-दमट, आमचे ताप वेगळे, त्यांना दालचिनी दिली तर आगीत तेल. सूजोचा ये तिआनशी (1667 ते 1746) आणि पुढं वू जुतोंग, ज्याचा ग्रंथ 1798 चा, यांनी उष्ण तापाचं वेगळं शास्त्रच उभं केलं, त्यात शेवंती, पुदिना अशा शीतल गोष्टी आल्या. मला या भांडणातलं हेच आवडतं की प्रदेश बदलला तर औषध बदललं पाहिजे हे त्यांनी मान्य केलं. मग तिकडचं कुठलंही औषध खानदेशात डोळे मिटून कसं चालेल?

तर आजोबा, पौषातल्या थंडीत हुडहुडी भरली तर घोंगडी घ्या, हुडहुडी थांबली की ती काढून टाका, पॅरासिटामॉल घ्या. पण मे महिन्यात शेतातून आलेला माणूस तापलाय, बरळतोय, चालताना झोकांड्या खातोय किंवा बेशुद्ध आहे, तर तो ताप नाही, त्याला ऊन लागलंय, शरीर 40 डिग्रीच्या वर गेलेलं असू शकतं आणि मिनिटांचा खेळ असतो. त्याला घोंगडी म्हणजे मरण. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, जोरात वारा घाला, मानेला-काखेत-जांघेत बर्फ ठेवा, आणि 108 ला फोन करा. बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलनं इथं काही होत नाही.

माझी मुलगी 19 वर्षांची, नंदुरबारला कॉलेजला. बारा महिने हात-पाय गार, थकवा. ऑनलाइन एक चिनी ‘शरीर उष्ण करणारी’ पावडर मागवलीय, आतल्या कागदावर सगळं चिनीत. देऊ का?

नाही. पुडी फोडली असेल तर बांधून ठेवा.

शरीराला ऊब देणाऱ्या चिनी औषधांत फूझी नावाचं एक मूळ आहे, ते आपल्या बचनागाच्याच कुळातलं. नीट शिजवून शुद्ध केलं नाही तर हृदयाचे ठोके बिघडवून माणूस मारतं. दुसरं माहुआंग, त्यातल्या एफेड्रिनमुळं बीपी आणि हृदयाला धोका, अमेरिकेत तसल्या सप्लिमेंटवर 2004 मध्ये बंदी आली. तुमच्या पुडीत हे आहे असं मी म्हणत नाही, पण कागद वाचता येत नाही तर पोटात कसं घालायचं? चिनी वैद्य पण नाडी आणि जीभ बघितल्याशिवाय हे देत नाही.

मुलीचं आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉईड बघा. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलचं प्रमाण आहे म्हणून ती पण चाचणी करून घ्या, सरकारी दवाखान्यात होते, आणि सिकलसेल निघाला तर थंडी आणि पाण्याची कमतरता दोन्हीपासून जपावं लागतं. रिपोर्ट येईपर्यंत आलं-गुळाचं गरम पाणी, खजूर, कढईत परतलेला पालक-मेथी, बाजरीची भाकरी, पायात मोजे. चिनी आई पण तिला आलं, लाल बोरं आणि गूळसाखर उकळूनच देईल.

मुलगी बाळंतपणाला आलीय, तारीख मे मधली. चोपड्याला आमच्याकडं खोली बंद, शेक-शेगडी, डिंक-अळिवाचे लाडू, सव्वा महिना. जावई म्हणतात एवढ्या उन्हात हे कशाला.

जावयांचं ऐका. चीनमधे पण हीच पद्धत आहे, महिनाभर बसणं म्हणतात तिला, वारा नको, गार पाणी नको, आल्यात शिजवलेली कोंबडी. विचार असा की बाळंतपणात रक्त गेलं म्हणजे ऊब गेली, ती भरून काढायची. विश्रांती आणि पौष्टिक खाणं हे त्यातलं सोनं आहे. पण तिकडंच भर उन्हाळ्यात खिडक्या लावून, रजई घेऊन पडलेल्या बाळंतिणींना उष्माघात झाल्याच्या बातम्या येतात. ओलं अंग आणि 45 डिग्री, त्यात शेगडी? डिंकाचे लाडू द्या पण छोटा एक, खोलीत कूलर चालू ठेवा, वारा थेट बाळाच्या अंगावर नको एवढंच, आणि दूध पाजणाऱ्या बाईला पाणी मोजून देऊ नका, माठच शेजारी ठेवा. बाळाला पण टोपी-मोजे-दुपटी चार चार नकोत, त्याची पाठ गरम आणि ओलसर लागली की एक कपडा कमी.

खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही हे चिनी लोक पण मानतात का? (भडगाव)

माझ्या वाचनात कुठं आलं नाही. खिशातला कांदा अंगाचं तापमान कमी करत नाही भाऊ, पण मी बघितलंय की जो माणूस आठवणीनं कांदा खिशात घालतो तो डोक्याला रुमाल पण बांधतो आणि पाण्याची बाटली पण घेतो. तेव्हा ठेवा, आणि बारा वाजता बांधावर बसून भाकरीसोबत फोडून खा.